ॲडव्हान्स घेतला, काम अडकलं आणि आता पोलिसांत अर्ज

पत्र :

माझा धाकटा भाऊ मॉड्युलर किचनची कामं करतो. मार्च २०२५मध्ये एका ओळखीच्या कुटुंबाकडून त्याने २,२०,००० रुपये ॲडव्हान्स घेतला. प्लायवुड आणलं, बॉक्स कापले. मग त्याला कावीळ झाली, कारागीर सोडून गेले आणि उरलेले पैसे जुनी उधारी फेडण्यात गेले. जूनमध्ये त्या लोकांनी फारच तगादा लावला, तेव्हा त्याने दुसऱ्याच घरातल्या किचनचा फोटो पाठवला आणि ‘तुमचं काम तयार आहे, फक्त फिटिंग बाकी’ असं सांगून आणखी ६०,००० रुपये मागवले. त्याचं खातं मायनसमध्ये होतं म्हणून ते पैसे माझ्या खात्यावर आले. फोटोचं मला नंतर कळलं. त्या लोकांनी स्वतः विकत घेऊन दिलेली चिमणीही वर्कशॉपमध्येच पडून आहे. आता त्यांनी पोलिसांत अर्ज दिलाय. भावाने घाबरून फोन बंद केलाय. पोलीस म्हणतात, पैसे भरा, नाहीतर गुन्हा दाखल करू. गल्लीत लोक त्याला चारशेवीस म्हणायला लागलेत. हा खरंच गुन्हा आहे का? पैसे परत केले तर सुटेल का? आणि मीही यात अडकेन का?
— एक बहीण

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी भावाला फोन चालू करायला सांगा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल. बंद फोन आणि कुलूप लावलेलं वर्कशॉप या दोन गोष्टींइतकं नुकसान त्याचं दुसरं काहीच करत नाही. पळून गेला याचा अर्थ पहिल्यापासून मनात पाप होतं, असा युक्तिवाद समोरचा वकील करणार. त्याला ते फुकट मिळता कामा नये.

आता तुमचा पहिला प्रश्न. काम पूर्ण झालं नाही आणि पैसेही परत गेले नाहीत, एवढ्यानेच फसवणुकीचा गुन्हा होत नाही. फौजदारी कायदा इथे एकच गोष्ट शोधतो : पैसे हातात घेतले त्या क्षणी मनात काय होतं? भारतीय दंड संहितेत पूर्वी कलम ४१५ आणि ४२० होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा सगळा भाग तिच्या कलम ३१८मध्ये आला. तुमचे व्यवहार २०२५चे असल्यामुळे नवा कायदाच लागेल. खोटं सांगून किंवा खरी गोष्ट अप्रामाणिकपणे दडवून कुणाला पैसे किंवा वस्तू द्यायला लावणं म्हणजे ३१८(४). शिक्षा ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास आणि अटक करू शकतात, आणि अजामीनपात्रही, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो.

चोरीपेक्षा हे वेगळं. चोरीत मालकाच्या संमतीशिवाय वस्तू उचलली जाते. फसवणुकीत मालक स्वतःच्या हाताने देतो, पण खोट्यावर विश्वास ठेवून देतो. म्हणून इथे सिद्ध करायची गोष्ट म्हणजे ते खोटं आणि त्यामागचा हेतू. ती जबाबदारी सरकार पक्षावर असते, तुमच्या भावावर नाही.

१८६०च्या त्या जुन्या दंड संहितेत या कलमाखाली निळीचं एक उदाहरण दिलेलं होतं, ते नव्या संहितेतही तसंच आहे. एकाने नीळ पुरवतो म्हणून आगाऊ पैसे घेतले. पैसे घेतानाच द्यायची नसेल, तर ती फसवणूक. पण त्या वेळी द्यायची होती आणि पुढे करार मोडला, तर तो दिवाणी दाव्याचा विषय, गुन्हा नाही. नीळ गेली, प्लायवुड आलं, पण मुद्दा तोच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २०००च्या निकालात हाच धागा पकडला : फसवणुकीचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो. नंतरच्या वागण्यावरून त्याचा अंदाज बांधता येतो, पण फक्त नंतरचं वागणं पुरेसं नाही.

तुमचं पत्र मी याच नजरेने वाचलं, आणि त्यात मला एक नाही, तीन वेगवेगळे व्यवहार दिसले. पोलिसांच्या अर्जात ते एकाच रकमेत घातलेले असतील. तुम्ही मात्र ते वेगळेच ठेवा.

पहिले २,२०,००० रुपये. इथे भावाची बाजू चांगली आहे, पण कागद हवेत. प्लायवुडचं बिल कधीचं आहे? ॲडव्हान्स मिळाल्यावर आठवड्याच्या आत माल घेतलेला असेल, तर काम करायचाच इरादा होता याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. दुकानदाराकडून बिलाची दुसरी प्रत घ्या आणि पैसे खात्यातून गेले असतील तर बँकेचा उतारा काढा. कापलेले बॉक्स अजून वर्कशॉपमध्ये असतील ना? सुतारकाम करणारे बोर्डावर पेन्सिलने मापं लिहितात. त्या घरच्या ओट्याची मापं आणि बोर्डांवरची मापं जुळत असतील, तर हा माल त्याच किचनसाठी कापला होता हे कुणीही बघून सांगेल. त्या बोर्डांना हात लावू नका, पुसू नका, दुसऱ्या कामात वापरू देऊ नका. मापं नीट वाचता येतील असे फोटो काढा आणि वर्कशॉपचं भाडं थकलं असेल तर मालकाने ते भंगारात काढण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या.

याशिवाय मोजमापाला गेला तेव्हाची वही, कोटेशन, कारागिरांना दिलेली मजुरी, काविळीच्या उपचाराचे कागद आणि त्याआधी त्याने पूर्ण करून दिलेल्या कामांची दोन-चार बिलं जमवा. आधीची कामं नीट केलेला माणूस नेमकं हेच काम लुबाडण्यासाठी घेतो, हे पटवून देणं सरकार पक्षाला अवघड जातं.

एका बाजूने मात्र हल्ला होईल, तो आधीच ओळखून ठेवा. उरलेले पैसे जुन्या उधारीत गेले, असं तुम्ही लिहिलंय. समोरचे म्हणतील, हा आधीच कर्जात बुडालेला होता, ते लपवून त्याने आमचा ॲडव्हान्स घेतला, त्याला काम करायचंच नव्हतं. अप्रामाणिकपणे दडवलेली गोष्ट ही कायद्याने फसवणूकच धरली आहे, त्यामुळे हा आरोप पोकळ नाही. पण धंद्यात उधारी असणं आणि काम करायची कुवत किंवा इच्छाच नसणं यात फार अंतर आहे. एका गिऱ्हाइकाच्या पैशातून दुसऱ्याची देणी भागवणारे छोटे धंदेवाले मी खूप पाहिले आहेत. ती वाईट सवय आहे, बुडवणारी सवय आहे, पण केवळ तेवढ्याने माणूस ठग ठरत नाही. मार्चमध्ये त्याच्याकडे इतर कामं चालू होती का, कारागीर होते का, मशीन होतं का, यावर हे ठरेल.

आता चिमणी. ती त्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने घेतली आणि बसवण्यासाठी तुमच्या भावाच्या ताब्यात दिली. मालकी त्यांचीच राहिली. अशा विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार केला, तर तो कलम ३१६चा वेगळा गुन्हा होतो, विश्वासघाताचा, आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. अजून तसं काही झालेलं नाही, कारण चिमणी जागेवर आहे. पण ती विकली, दुसऱ्याकडे बसवली किंवा ‘आधी हिशोब करा मग देतो’ म्हणून अडवून धरली, की नसलेली केस उभी राहील. उद्याच्या उद्या ती परत पोहोचवा. खोका, वॉरंटी कार्ड, पाइप, जे जे आलं होतं ते सगळं. आणि मिळाल्याची सही घ्या. सही देत नसतील तर दोन जणांसमोर ठेवा, फोटो काढा आणि ‘चिमणी आज सुस्थितीत परत दिली’ असा मेसेज त्यांना पाठवा.

ॲडव्हान्सच्या बाबतीत मात्र विश्वासघाताचं कलम सहसा टिकत नाही, कारण कामाच्या किमतीपोटी दिलेले पैसे हे सांभाळायला दिलेले पैसे नसतात. पोलीस अनेकदा ३१६ आणि ३१८ ही दोन्ही कलमं एकाच घटनेला लावून मोकळे होतात. दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये यावर कडक शब्दांत सांगितलं की एकाच व्यवहारात हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत : एकात हेतू सुरुवातीपासून वाईट असतो, दुसऱ्यात वस्तू सरळ मार्गाने हातात येते आणि नंतर नियत फिरते. पुढे दोन्ही कलमं लागली तर वकिलांना या निकालाची आठवण करून द्या.

आणि आता ते ६०,००० रुपये. ताई, इथे मी तुम्हाला धीर देण्यासाठी गोड बोलणार नाही. फोटो दुसऱ्या घरचा होता. काम तयार नव्हतं. तो फोटो बघून त्या लोकांनी पैसे पाठवले. खोटं आधी, पैसे नंतर, आणि खोट्यामुळेच पैसे. फसवणुकीला जे जे लागतं ते या एका व्यवहारात सगळं आहे. पैसे आधीच घेतलेले असते आणि नंतर गिऱ्हाइकाला थोपवण्यासाठी फोटो टाकला असता, तर ते खोटं वाईट असलं तरी त्या पैशांपुरता गुन्हा ठरवणं कठीण गेलं असतं. इथे क्रम उलटा आहे. शिवाय हाच फोटो वापरून समोरचे पहिल्या २,२०,००० रुपयांबद्दलही म्हणतील की बघा, माणूसच असा आहे.

यावर बचाव काही आहे का? थोडा आहे. त्या ६०,००० रुपयांतून खरोखर हार्डवेअर किंवा लॅमिनेट आणलं असेल, कारागीर परत बोलावला असेल, तर पैसे बुडवायचा नव्हे तर काम रेटायचा हेतू होता असं मांडता येईल. त्याने शिक्षेत आणि जामिनात फरक पडतो, पण पूर्ण सुटका होईल असं मी म्हणणार नाही. या रकमेपुरता खरा मार्ग एकच, ती लवकरात लवकर परत करणं. सगळी व्यवस्था एकदम होत नसेल, तर आधी हेच ६०,००० उभे करा.

एक गोष्ट करू नका म्हणजे करूच नका : तो फोटो आणि ते चॅट डिलीट करायला भावाला सांगू नका. समोरच्यांच्या फोनमध्ये ते आहेच. तुमच्याकडून पुसलं गेलं तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागेल. आणि त्याच चॅटमध्ये आधीच्या महिन्यांत त्याने आजारपण कळवलेलं असेल, मापांबद्दल विचारलेलं असेल, तर तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

पैसे परत केले तर सुटेल का? आपोआप नाही. गुन्हा एकदा घडला की पैसे परत दिल्याने तो पुसला जात नाही. पण व्यवहारात खूप फरक पडतो. ३१८(४) हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येण्यासारखा गुन्हा आहे. म्हणजे फसवला गेलेला माणूस तयार असेल आणि कोर्टाने परवानगी दिली, तर केस तिथेच संपते. दोन्ही बाजूंचं मिटल्यावर उच्च न्यायालयही एफआयआर रद्द करू शकतं, त्यासाठी नव्या प्रक्रिया संहितेतलं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं, कलम ५२८ आहे. खाजगी, पैशाच्या वादातून आलेल्या प्रकरणांत असे आदेश होतात.

परत करताना रोख देऊ नका. बँकेतून द्या, कशाबद्दल ते लिहा आणि पोच घ्या. सोबतच्या कागदावर ‘मी फसवणूक केली’ असलं वाक्य येऊ देऊ नका. ‘कामाच्या व्यवहारापोटी घेतलेल्या रकमेतून परत’ एवढं पुरे. आणि पोलीस ठाण्यात बसून कोरे चेक देऊ नका. असे चेक दिलेली माणसं मग चेक बाउन्सच्या केसमध्ये अडकतात. तिथे २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चेकवर सही आपली असली की देणं होतं असंच कोर्ट धरून चालतं, उलटं सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते.

पोलीस पैसे भरा म्हणतात. वसुली हे पोलिसांचं काम नाही. फौजदारी केसचा धाक दाखवून निव्वळ दिवाणी वाद मिटवायचा प्रकार थांबला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या निकालात २००६मध्येच म्हटलंय. पण हे वाक्य ठाण्यात जाऊन ऐकवायचं नसतं. आता चालू आहे ती अर्जावरची चौकशी. व्यापारी व्यवहारात गुन्हा नोंदवण्याआधी अशी प्राथमिक चौकशी करता येते, हे ललिताकुमारी निकालात २०१३मध्ये मान्य झालंय. म्हणजे ही तुमच्या भावासाठी संधी आहे. बिलं, बोर्डांचे फोटो, उपचाराचे कागद यांच्या प्रती जोडून वकिलामार्फत लेखी म्हणणं द्या आणि आवक शिक्का घ्या. त्यात ६०,००० रुपयांबद्दल काय लिहायचं ते वकील ठरवतील. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावरच करता येत नाही, पण लेखी खोटंही लिहू नका. एका खोट्याने काय होतं ते आपण बघतोच आहोत.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तरी प्रकरण संपलं असं समजू नका. ते लोक मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतात, ग्राहक आयोगात जाऊ शकतात, दिवाणी दावाही लावू शकतात.

अटकेची भीती तुमच्या प्रत्येक ओळीत जाणवते. गुन्हा दाखल झाला म्हणजे लगेच बेड्या, असं नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात, हे अर्नेशकुमार निकालात २०१४ साली ठरलंय. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस येते. ती आली की दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी हजर राहायचं. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न पाळणाऱ्याला होऊ शकते, म्हणून पुन्हा सांगते, फोन चालू. आणि गुन्हा नोंदवला जाईल अशी खरी भीती असेल तर एफआयआरच्या आधीही सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम ४८२. तुमच्या प्रकरणात त्याची तयारी आतापासून ठेवावी असं माझं मत आहे, त्या फोटोमुळे. गुन्हा नोंदवल्यानंतरच्या तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर आरोपीची सही घ्यायची नसते आणि पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हेही भावाच्या कानावर घाला. धाकात माणूस नको ते बोलून बसतो.

आता तुमचं स्वतःचं. फक्त खात्यावर पैसे आले म्हणून तुम्ही आरोपी ठरत नाही. फसवणुकीत तुमचा सामायिक इरादा होता किंवा तुम्हाला माहीत असून मदत केली, हे दाखवावं लागेल. फोटो तुम्हाला नंतर कळला असेल तर तो इरादा तुमचा नव्हता. पण ‘माझ्या खात्यावर पाठवा’ असं तुम्ही त्या लोकांना स्वतः कळवलं होतं का, आणि त्या वेळी काय शब्द वापरले, ते चॅट शोधून काढा. आलेले ६०,००० पुढे कुठे गेले त्याचा उताराही काढा. ते तसेच भावाला किंवा त्याच्या पुरवठादाराला गेले असतील, तर तुमची बाजू स्वच्छ आहे. त्यातले काही तुमच्या घरखर्चात गेले असतील, तर ते आधी भरून काढा. तपासात पोलीस तुमचं खातं गोठवू शकतात, म्हणून पगार, मुलांची फी, कर्जाचा हप्ता याच खात्यातून जात असेल तर दुसरी सोय आजच करा. गोठवलेलं खातं मोकळं करून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो, पण त्यात दिवस जातात.

आणि भावासाठी घेतलात त्याच वकिलाकडे स्वतःचं प्रकरण डोळे मिटून देऊ नका. या केसमध्ये तुमचं हित आणि त्याचं हित पुढे वेगळं होऊ शकतं. फोटो कुणाच्या सांगण्यावरून पाठवला, हा प्रश्न येईल तेव्हा एकच वकील दोघांच्या वतीने उत्तर देऊ शकणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, भावावर अविश्वास म्हणून मी हे म्हणत नाही. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. भावाला उत्पन्नाची अट लागेल, पण अटक झाली तर ती अटही नाही. हेल्पलाइन १५१००.

त्या कुटुंबाशी तुमची आधीपासून ओळख आहे, म्हणून स्वतः जाऊन बोलावंसं वाटत असेल. जा, पण विनवण्या करायला किंवा ‘केस मागे घ्या’ म्हणायला नको, त्याचा दबाव टाकला असाही अर्थ निघू शकतो. चिमणी घेऊन जा. आणि भावाने सही केलेला एक कागद सोबत न्या, वकिलाला आधी दाखवून घेतलेला : ६०,००० अमुक तारखेला बँकेतून परत. कापलेले बॉक्स तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. ते चालत असतील तर मजुरी आम्ही देतो, दुसरा कारागीर तुम्ही निवडा, काम पूर्ण करून घ्या. चालत नसतील तर उरलेली रक्कम इतक्या हप्त्यांत. तारखा अशाच लिहा ज्या पाळता येतील, कारण ठरलेला पहिलाच हप्ता चुकला तर त्यांचा उरलासुरला विश्वास जाईल आणि तडजोडीला ते तयार होणार नाहीत.